मच सॉफ्ट, व्हेरी सॉफ्टर

"भाषा-गुन्हे अन्वेषक. अत्यंत चौकस, कमालीचे चिकाटीचे, निव्वळ अद्वितीय."

सरांच्या व्हिजिटिंग कार्डावर हे असं छापलेलं होतं, आणि मजकूर अर्थातच सरांचा होता. 'फार अद्वितीय' का नाही आणि 'निव्वळ अद्वितीय'च का, हे ते कार्ड देतानाच समजावून सांगत. "अद्वितीय माणूस एकतर असतो किंवा नसतो. तो जरासा अद्वितीय नसतो, की फार अद्वितीय नसतो. त्याला 'फार' लावणं म्हणजे भरलेल्या बादलीत पाणी ओतणं." समोरचा माणूस बहुधा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला असे आणि त्याला फक्त सही हवी असे.

बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून सर निवृत्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांना शोध लागला, की आपल्यात एक गुप्तहेर दडलेला आहे. तो इतका उत्तम दडला होता की बाकी कुणाला अजून सापडला नव्हता. त्याच्या नावावर आतापर्यंत तीन प्रकरणं जमा होती. पहिलं, सकाळच्या पेपरच्या चोरीचं, ज्यात सर पेपरवरच बसलेले निघाले. दुसरं, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या इंग्रजी पाटीचं, जे दुकानदाराने सरांना हात जोडल्यावर बंद झालं. आणि तिसरं, सरांच्या स्वतःच्या चष्म्याचं. ते दर आठवड्याला नव्याने उघडावं लागे.

मदतनीस म्हणून सुनेला कुणी नेमलं नव्हतं. सासरी काही कामं न सांगता अंगावर येतात, त्यातलंच हे एक. ती भिंग आणून द्यायची, सर सांगतील ते वहीत लिहायची आणि सर निघून गेले की लोकांची माफी मागायची. सर मनाने चांगले होते, हेही तितकंच खरं. फक्त कामावर निघताना सर ते मन घरी ठेवून जायचे.

सून गाद्यांच्या कारखान्यात लेबलं आणि पॅकिंग बघत होती. चौथ्या प्रकरणाला सुरुवात तिच्याच चुकीने झाली. आज यायला उशीर होईल हे सांगायला तिने सकाळी अकरा वाजता घरी फोन केला आणि तो सरांनी उचलला.

"का उशीर?" सरांनी विचारलं.

"लेबलांचा घोळ झालाय, बाबा. सगळ्या गाद्यांवर इंग्रजी चुकलंय."

पलीकडून दार आपटल्याचा आवाज आला. रिसीव्हर सरांनी टेबलावर तसाच सोडला होता.

घोळ असा होता. गादीच्या खोळीच्या कडेला इंग्रजी शब्दांची लेबलं शिवायची असत. लेबल छापणाऱ्याकडे अरुंद फितीचं यंत्र होतं, एका फितीवर एकच शब्द मावायचा. म्हणून दोन तुकडे शेजारी शेजारी शिवले जात. आधी जोर देणारा शब्द, मग गादीचा गुण. जोराच्या फिती दोनच होत्या. 'व्हेरी' निळी आणि 'मच' हिरवी. गुणांच्या फिती पांढऱ्या, आणि त्यांचे दोन डबे. डाव्या डब्यात 'सॉफ्ट' आणि 'फर्म', म्हणजे साध्या मालाचे शब्द. उजव्या डब्यात 'सॉफ्टर' आणि 'फर्मर', म्हणजे जुन्या मालाशी तुलना करून विकायच्या नव्या गाद्यांचे. डाव्या डब्याला निळी फीत लावायची, उजव्याला हिरवी. म्हणजे 'व्हेरी सॉफ्ट' आणि 'मच सॉफ्टर'. ही पद्धत तीन वर्षांपूर्वी सुनेनेच बसवली होती, कारण लेबलं शिवणाऱ्या मावशींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. तीन वर्षांत एकही चूक झाली नव्हती.

आणि आता आठवड्याभराच्या चारशे चाळीस खोळींवर 'मच सॉफ्ट' आणि 'व्हेरी सॉफ्टर' लागलं होतं. नमुना बघून गिऱ्हाइकाने कळवलं होतं, की असा माल आम्ही उतरवून घेणार नाही.

"मावशींचं वय झालं," मालक सकाळीच म्हणाला होता. "त्यांना आज संध्याकाळी सांगून टाकतो. उद्यापासून घरी बसा म्हणावं."

मावशी बारा वर्षं तिथे होत्या. नवरा नव्हता, लेक लांब दिलेली, घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. घरी बसा म्हणणं सोपं होतं, पण बसून खायचं काय, हे मालकाने सांगितलं नव्हतं.

"सहा वाजेपर्यंत थांबा," ती म्हणाली. "चूक कुठे झाली ते मी शोधून काढते."

हे वाक्य तिने मालकाला उद्देशून म्हटलं होतं. ते अर्ध्या तासात सरांपर्यंत पोचेल अशी तिची अजिबात इच्छा नव्हती.

सर आले तेव्हा मालक खुर्चीतून उठून उभा राहिला. तो सरांचा जुना विद्यार्थी होता. शाळा सोडून वीस वर्षं झाली होती, पण गुडघ्यांना ते अजून कळलं नव्हतं.

"बस," सर म्हणाले. "'व्हेरी सॉफ्टर' कोणी लिहिलं?"

"मी नाही, सर," मालक घाईने म्हणाला.

"साध्या विशेषणाला 'व्हेरी'. तुलना आली की 'मच' नाहीतर 'फार'. इंग्रजीतला 'फार' हं, आपला नव्हे. थोडाच फरक असेल तर 'अ बिट'. कितीदा फळ्यावर लिहून दिलं होतं?"

"पुष्कळदा, सर."

"आणि गादीत पाणी शिरत नसेल तर?"

"'व्हेरी वॉटरप्रूफ', सर."

सरांनी डोळे मिटले. "'अ‍ॅब्सोल्यूटली'. पाणी शिरतं किंवा शिरत नाही. सूनबाई, वही काढा. या इमारतीत कुणावरही विश्वास ठेवण्यात अर्थ नाही."

तपास सुरू झाला. सरांनी भिंग आणलं होतं, चष्मा घरी राहिला होता. त्यामुळे त्यांना दिसत होतं ते खूप मोठं आणि तितकंच पुसट होतं.

पहिला संशय फिती कापणाऱ्या माणसावर गेला. कारखान्यात त्याला कात्रीदादा म्हणत. दोन्ही रंगांच्या फिती तो एकावर एक ठेवून एकदमच कापायचा आणि सगळे तुकडे एकाच ट्रेमध्ये ओतायचा. वेळ वाचतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्यातून हवा तो तुकडा मावशींनी उचलायचा.

"मी तुला ओळखलं," सर त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले. "दहावी ब. शेवटचा बाक. इंग्रजीत मी तुला नापास केलं आणि तू सूडाची वाट बघत राहिलास."

"सर, मी गणितात नापास झालो होतो."

"मग गणिताच्या सरांवर सूड घ्यायचा सोडून माझ्यावर का घेतलास?"

कात्रीदादाने सुनेकडे पाहिलं. सुनेने वहीत पाहिलं.

"त्याला म्हणावं, शहर सोडून जाऊ नकोस," सर म्हणाले.

"मी कुठं जाणार, सर? पाच वाजता मुलीला शिकवणीला सोडायचंय."

दुसरा सिद्धांत जेवणानंतर आला. खोळी ज्या क्रमाने शिवल्या होत्या त्या क्रमाने सरांनी फितींचे रंग लिहून घेतले. हिरवा म्हणजे टिंब, निळा म्हणजे रेघ. हा मोर्स लिपीतला सांकेतिक संदेश होता, यात त्यांना शंका नव्हती. तास-सव्वा तास सून रंग सांगत राहिली आणि सर टिंबं-रेघा ओढत राहिले. शेवटी जो संदेश निघाला त्याची सुरुवात अशी होती: टटटटनटटटम.

"काय अर्थ असेल, बाबा?"

"तो परकीय भाषेत आहे," सर गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे प्रकरण दिसतं त्यापेक्षा मच मोठं आहे."

मग त्यांनी मावशींना बोलावलं. मावशी खिडकीजवळच्या त्यांच्या टेबलावरून उठून आल्या आणि पदराच्या टोकाशी चाळा करत उभ्या राहिल्या. एरवी तोंडाला टाळा नसलेली बाई आज मान वर करत नव्हती. सुनेला ते पाहवत नव्हतं.

"तुम्ही तीन आठवडे रजेवर होता," सर म्हणाले.

"हो. लेकीचं बाळंतपण होतं."

"अभिनंदन. काय झालं?"

"मुलगा," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर सरांनी त्यांना फिती, सुया आणि दोऱ्यांबद्दल वीस मिनिटं विचारलं आणि शेवटी सहज म्हणून पुसलं, "मग, बाळ कसं आहे?"

"छान आहे. आईवर गेलीय पोर."

सून लिहिता लिहिता थांबली. सर थांबले नाहीत. "लिहा, सूनबाई," ते म्हणाले. "जुळं."

मावशी गेल्यावर कात्रीदादा दारात घुटमळत म्हणाला, "सर, एक सांगू का? मावशी रजेवरून आल्या तेव्हा दोन दिवस काळा चष्मा लावून होत्या. डोळे आलेत म्हणाल्या. आम्ही मग जवळच गेलो नाही."

"काळा चष्मा!" सर हसले. "अरे, गुन्हेगार काळा चष्मा लावून येत नसतो. ते फारच उघड असतं. तू तुझं काम कर."

सुनेला मात्र ते खटकलं. चष्मा, बाळ, खाली घातलेली मान, सगळंच खटकलं. पण मावशी काही लपवत असतील तर ते मालकाच्या देखत खणून काढायला तिचं मन होईना. साडेतीन वाजले होते. तिच्या हातात अडीच तास होते आणि वहीत 'जुळं' होतं.

साडेतीनलाच सर खिडकीशी गेले, हात मागे बांधले आणि बराच वेळ बाहेरच्या भिंतीकडे पाहत राहिले. असं केलं की काहीतरी सुचतं, असा त्यांचा समज होता. दुर्दैवाने या वेळी खरंच सुचलं.

"सूनबाई, चारशे चाळीसपैकी बरोबर किती?"

"एकही नाही."

"एकही नाही! ज्याला इंग्रजी येत नाही तो डोळे मिटून लावेल. मग निम्मी तरी चुकून बरोबर येतील की नाही? इथे एकसुद्धा नाही. म्हणजे ज्याने केलं त्याला बरोबर काय ते पक्कं ठाऊक होतं. आणि त्याने दर वेळी ते टाळलं." ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं. "या इमारतीत इतकं इंग्रजी दोघांनाच येतं. त्यातला एक मी. मी आठवडाभर दुपारी झोपलेलो होतो, याला घरातले साक्षीदार आहेत."

"बाबा," सून म्हणाली, "दुसरी मी आहे."

"कर्तव्य कठोर असतं, सूनबाई. वही माझ्याकडे द्या. पुढचं मीच लिहितो."

तिने वही दिली. मनातून ती थोडी चिडली होती आणि थोडी चकितही झाली होती, कारण तर्काची पहिली बाजू बरोबर होती. निम्मी तरी बरोबर यायला हवी होती. अगदी उलट करायलासुद्धा काहीतरी नियम लागतो.

त्याच वेळी सासूबाई आल्या. सर चष्मा विसरून गेले की तो घेऊन मागोमाग जायचं, हे त्या इतकी वर्षं करत आल्या होत्या की शेजारच्यांना वाटायचं दोघं वेगवेगळे फिरायला जातात. नवरा सुनेची उलटतपासणी घेण्यात गुंतलेला पाहून त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि टेकायला म्हणून त्या मावशींच्या बाकावर जाऊन बसल्या. मावशींनी त्यांच्या हातातल्या कापडी पिशवीकडे पाहिलं, आणि सबंध दिवसात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

"किती छान निळी आहे हो पिशवी तुमची! काय निळाई आहे!"

सासूबाईंनी पिशवीकडे पाहिलं. ती सहा वर्षं जुनी होती, भाजीची होती आणि आजवर तिचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

"मोतीबिंदू कधी काढलात?" त्यांनी विचारलं.

मावशींच्या हातातली सुई खाली पडली. सर वहीतून मान वर न करता म्हणाले, "अगं, इथे महत्त्वाचं काम चाललंय."

"तुमचं चालू द्या," सासूबाई म्हणाल्या. "माझा काढला तेव्हा मलाही आठ दिवस सगळं निळंनिळं दिसत होतं. स्वयंपाकघराच्या भिंती पिवळ्या आहेत असं मी चार वर्षं धरून चालले होते. पांढऱ्या निघाल्या."

"तू मोतीबिंदू काढलास?" सरांनी विचारलं. "केव्हा?"

"गेल्या वर्षी. मी काळा चष्मा लावून बसले होते आणि तुम्ही विचारलंत, उन्हात चालली आहेस का."

सून तोवर मावशींसमोर जाऊन बसली होती. तिने ट्रेमधून एक निळा तुकडा उचलला. "मावशी, ही आधी कशी दिसायची?"

मावशींनी दाराकडे पाहिलं. मालक नव्हता. "हिरवी," त्या हळू म्हणाल्या. "हिरवटशी."

"आणि ही?" सुनेने हिरवा तुकडा धरला.

"पिवळट. सुकलेल्या गवतासारखी."

"मी शिकवलं तेव्हा..."

"तुम्ही एक उचलून म्हणालात, ही या डब्याची. दुसरी उचलून म्हणालात, ती त्या डब्याची. मी मनात धरलं, हिरवी डावीकडे, पिवळी उजवीकडे. रजेवरून आले तर पिवळी कुठेच नाही. एक हिरवी आणि एक निळी. मला वाटलं, मी नव्हते तेव्हा तुम्ही पिवळीच्या जागी निळी आणली. हिरवी होतीच, ती नेहमीसारखी डावीकडे लावली."

"विचारलं का नाही मावशी?"

"रंगाचं विचारलं असतं तर डोळ्यांवर बोलणं आलं असतं." मावशींनी पडलेली सुई उचलली. "डोळ्यांचं काम आहे माझं. ऑपरेशन म्हटलं की काढूनच टाकतील, म्हणून बाळंतपण सांगितलं. एक डोळा पहिल्या आठवड्यात केला, एक तिसऱ्यात."

सुनेला भयंकर लाज वाटली. पद्धत तिने बसवली होती, फितींचे रंग तिने ठरवले होते, आणि समोरच्या बाईला हा रंग कोणता दिसतो, एवढं साधं विचारायचं तिला सुचलं नव्हतं. ती तसं म्हणालीही. "चूक माझी आहे, मावशी."

"मग बाळाचं काय?" सरांनी विचारलं.

"कुठलं बाळ?" सासूबाई म्हणाल्या.

सरांनी वहीतली एक ओळ खोडली.

बरोबर सहाला मालक आला. सुनेने त्याला सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. मालकाने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ते ठीक आहे हो. पण डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या बाईला सुईच्या कामावर ठेवायचं म्हणजे..."

मावशी उठल्या. त्यांनी ट्रे पुढे ओढला आणि हिरवा कोणता, निळा कोणता असा विचार न करता त्या हात चालवायला लागल्या. डावीकडे निळ्यांची रास, उजवीकडे हिरव्यांची. पूर्वी त्या एकेक तुकडा खिडकीच्या उजेडात धरून बघायच्या, हे सुनेला आता आठवलं. सगळा ट्रे रिकामा व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सर चष्मा लावून दोन्ही राशी तपासायला वाकले आणि त्यांना एकही चूक सापडली नाही. बत्तीस वर्षांत त्यांच्यावर अशी वेळ आली नव्हती.

"इतकी वर्षं मला नीट दिसत नव्हतं," मावशी मालकाला म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. आता दिसायला लागलंय तर घरी बसा म्हणताय?"

मालक उभाच होता. त्याने सरांकडे पाहिलं, बहुधा सवयीने. सर म्हणाले, "उत्तर दे."

"उद्या नेहमीच्या वेळेला या, मावशी," मालक म्हणाला. "चारशे चाळीस उसवायचीत."

"उद्या कशाला," मावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मग सगळेच बसले. कात्रीदादा मुलीला शिकवणीला सोडून परत आला होता, तोही बसला. मालकाने बाह्या सारल्या. सरांना मात्र आधी अहवाल पुरा करायचा होता. त्यांनी इंग्रजीत लिहिलं, की प्रकरण अन्वेषकाने सोडवलं आणि पत्नी 'स्लाइटली हेल्पफुल' ठरली.

"काय लिहिलंत?" सासूबाईंनी टाका उसवता उसवता विचारलं.

"'स्लाइटली'. म्हणजे किंचित."

सासूबाईंनी पुढचा टाका उसवला. सरांनी 'स्लाइटली' खोडून 'फेअरली' केलं. सासूबाईंनी दुसरी खोळ ओढली. सरांनी 'रादर' केलं, मग 'व्हेरी'. सासूबाईंनी उसवायचं थांबवून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा त्यांनी ती अख्खी ओळच खोडली आणि नवी लिहिली, ज्यात अन्वेषक कुठेच नव्हता. मग वही मिटून त्यांनी मुकाट्याने एक खोळ मांडीवर घेतली.

सून मावशींच्या शेजारी होती. मावशींनी हातातली खोळ मांडीवर पसरली होती आणि त्या पांढऱ्या कापडावरून तळवा फिरवत होत्या.

"हिच्यावर फुलं आहेत," त्या म्हणाल्या.

"हो मावशी. पहिल्यापासून आहेत. विणीतच आहेत."

"असतील. मला बारा वर्षं कापड कोरंच वाटत होतं. गेल्या सोमवारी येऊन बसले आणि बघते तर सगळीकडे फुलं. बारीक बारीक, पाकळ्यासुद्धा मोजता येतात." त्यांनी बोट एका फुलावर ठेवलं. "आठ दिवस मी एकटीच बघत बसले होते. कुणाला दाखवू? फुलं दिसतात म्हटलं असतं तर आधी दिसत नव्हती हे कळलं असतं."

सुनेने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि ती त्यांच्याकडे सरकली.

"मला दाखवा," ती म्हणाली.